न दाखवलेले मजले

यानाचं मॉडेल समोर आलं की मी आधी दार शोधते. यान कितीही भव्य असो, त्याच्या अंगावर माणसाच्या उंचीची एखादी खूण नसेल तर ते बघणाऱ्याला खेळणं वाटतं. दार दिसलं की माप मिळतं. दारावरून मजल्याची उंची निघते, मजल्यांवरून पूर्ण यानाची लांबी, लांबीवरून आत किती माणसं मावतील याचा अंदाज, आणि माणसांवरून हवा, पाणी, अन्न यांचा हिशेब. गेली बरीच वर्षं मी पुण्या-मुंबईच्या व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओंसाठी हार्ड सरफेस मॉडेलिंग करते, म्हणजे यंत्रं, वाहनं, इमारती, यानं अशा टणक वस्तूंची थ्री-डी मॉडेल्स बनवते. आता शिकवतेही. दार शोधण्याची ही सवय मला स्टुडिओत लागली नाही. विज्ञानकथांच्या मालिकांवर जीव टाकणाऱ्या आणि पडद्यावर कधीच न दिसलेल्या खोल्यांचे आराखडे काढणाऱ्या चाहत्यांकडून ती माझ्याकडे आली. त्यांच्याविषयी मला मनापासून सांगायचं आहे, कारण माझ्या कामाचा अर्धा पाया त्यांनी घातलेला आहे.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. चिंचवडला शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून आम्ही मुलं ते पाहत असू. इंग्रजी संवादांतलं फार थोडं कळे, पण ‘एंटरप्राइझ’ हे यान कळायचं. पुढे मोठी तबकडी, खाली लांबट नळकांडं, वर दोन खांबांवर उभी केलेली दोन इंजिनं. कॅप्टन ब्रिजवरून, म्हणजे यान चालवण्याच्या कक्षातून, लिफ्टमध्ये शिरायचा, दार बंद व्हायचं, आणि उघडायचं तेव्हा तो भलत्याच मजल्यावर असायचा. मधल्या मजल्यांवर काय आहे, या प्रश्नाने मी हैराण व्हायची. वहीच्या मागच्या पानांवर ते मजले काढत बसायची.

पुढे मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि भोसरीच्या एमआयडीसीत एका टूलरूमच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. जिग आणि फिक्स्चर, म्हणजे काम चालू असताना भाग पक्का धरून ठेवणारी साधनं, आखणं हे आमचं काम. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा नाकात जाणारा वास. आमचे हेड ड्राफ्ट्समन होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. प्रत्येक ड्रॉइंग हातात घेतलं की भाऊंचा ठरलेला प्रश्न असे, ‘‘पाना कुठून घालणार?’’ कागदावर बोल्ट काढणं सोपं असतं. तो आवळायला फिटरचा हात आत जाईल का, पाना फिरायला जागा आहे का, झिजलेला बुश काढायचा तर आधी काय काय सोडवावं लागेल, हे ज्याला सांगता येत नसे त्याचं ड्रॉइंग भाऊ सही न करता परत देत. वस्तू कशी दिसते याआधी ती कोण बनवणार, कोण वापरणार आणि कोण दुरुस्त करणार याचा विचार करायचा, हे त्यांनी आमच्या हाडीमासी मुरवलं.

त्याच काळात मुंबईला गेले असताना फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत एक पुस्तक हाती लागलं: ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’. 1975 साली अमेरिकेत निघालेलं. उघडून पाहिलं तर आत गोष्ट नव्हती. पानोपानी ड्रॉइंग होती. यानांचे समोरून, वरून, बाजूने काढलेले आराखडे, हत्यारांची आणि संपर्कयंत्रांची मापं, अगदी गणवेश कसा बेतायचा त्याचे कटिंगही. कुठल्या तरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निघालेलं असावं असं ते पुस्तक दिसत होतं. एका अर्थी ते खरंही होतं.

हे पुस्तक करणारे फ्रान्झ जोसेफ श्नाउबेल्ट सॅन डिएगोच्या विमान-उद्योगात, कॉन्व्हेअर कंपनीत, डिझाइनर होते. त्यांची मुलगी ‘स्टार ट्रेक’ची चाहती. मालिका 1969 मध्येच बंद पडली होती, पण ती आणि तिच्या मैत्रिणी, मित्र जमून मालिकेतल्या वस्तूंच्या प्रतिकृती बनवत. त्या प्रतिकृतींची मापं वडिलांच्या नजरेला खटकली आणि 1973 मध्ये ते स्वतः बोर्डावर बसले. पडद्यावर जे दिसलं त्यावरून मापं काढत त्यांनी आख्ख्या एंटरप्राइझचे मजलेवार आराखडे तयार केले. बारा शीट्सचा तो संच 1975 मध्ये बॅलंटाइन या प्रकाशनाने काढला, त्याच वर्षी मॅन्युअलही आलं, आणि दोन्ही धडाक्यात खपली. त्या आराखड्यांत चारशे तीस माणसांच्या झोपण्याच्या खोल्या आहेत, भांडारं आहेत, कारखाना आहे, तळाकडच्या एका मजल्यावर बोलिंग खेळायची जागासुद्धा आहे. वर्षानुवर्षं घरापासून दूर राहणारी माणसं फावल्या वेळात काय करतील, हा प्रश्न त्यांना पडला होता आणि त्याचं उत्तर त्यांनी मापासकट देऊन टाकलं होतं.

मॅन्युअलमध्ये एंटरप्राइझची भावंडंही होती. एकच इंजिन असलेलं विनाशक यान, तीन इंजिनांचं युद्धयान, मालाचे डबे ओढणारं टग. मालिकेत ती कधी दिसली नव्हती. तबकडी तीच, इंजिनं तीच, जोडणी वेगळी. टूलरूममध्ये आम्ही स्टँडर्ड बुश आणि स्टँडर्ड क्लॅम्प घेऊन निरनिराळी फिक्स्चर जुळवत असू, म्हणून मला त्यातली शिस्त लगेच ओळखू आली. एवढा मोठा ताफा बाळगणारी संस्था प्रत्येक यान नव्याने आखणार नाही, ती भाग सारखे ठेवील, हा कारखान्यातून आलेला विचार होता. काही वर्षांनी ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांत ब्रिजवरच्या पडद्यांवर फ्रान्झ जोसेफ यांचीच ड्रॉइंग झळकली. मुलीच्या आवडीपायी घरी बसून काढलेली रेघ यानाच्या आत पोचली.

जेवणाच्या सुट्टीत मी ती ड्रॉइंग आमच्या फर्स्ट अँगल पद्धतीत पुन्हा काढायला लागले. ओळखीच्या एकांकडून आराखड्यांच्या संचाची झेरॉक्स मिळाली आणि एका जागी मी अडकले. यानाच्या बाहेरच्या मॉडेलवर ब्रिजच्या घुमटामागे बरोबर मधोमध एक उभट उंचवटा आहे. तो लिफ्टचा, असं सगळे धरतात. सेटवर मात्र लिफ्टचं दार कॅप्टनच्या पाठीमागे मधोमध नाही, डावीकडे सरकलेलं आहे. आतलं आणि बाहेरचं जुळवायचं तर काय करायचं? फ्रान्झ जोसेफ यांनी आख्खा ब्रिज 36 अंशांनी फिरवला. लिफ्ट जुळली, पण कॅप्टनचं तोंड यानाच्या नाकासमोर राहिलं नाही, तिरपं झालं. या एका कोनावर चाहत्यांनी पुढची कितीतरी वर्षं वाद घातला आहे.

मी ते भाऊंना दाखवलं. त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती. डबा बाजूला ठेवून त्यांनी चष्मा चढवला.

‘‘अगं, ही लिफ्ट फक्त उभी चालते का?’’

‘‘नाही भाऊ, आडवीही सरकते.’’

‘‘मग हा उंचवटा लिफ्टचाच कशावरून? लिफ्ट बाजूने येत असेल. इथे दुसरं काहीतरी असेल, दुसरी लिफ्ट येऊन थांबायची जागा असेल. एक लिफ्ट वर असताना दुसरी कुठे उभी राहणार?’’

अमेरिकेतल्या काही चाहत्यांनी याच धर्तीची उत्तरं शोधली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. भोसरीतला एक ड्राफ्ट्समन आणि सातासमुद्रापलीकडचे ते लोक एकाच रस्त्याने विचार करत होते, कारण प्रश्न खरा होता. यान काल्पनिक असलं तरी भूमिती काल्पनिक नसते. त्या दिवशी मला उमजलं की चाहते जे करतात ती नक्कल नाही. मालिकेने अर्धवट सोडलेलं डिझाइनचं काम ते पुरं करत असतात.

मूळ डिझाइनमध्ये तेवढा दम होता, म्हणूनच हे शक्य झालं. एंटरप्राइझ आखणारे मॅट जेफ्रीज स्वतः वैमानिक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बी-17 बॉम्बर विमानांवर काम केलं होतं. मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांनी त्यांना काय हवं यापेक्षा काय नको तेच जास्त सांगितलं होतं: रॉकेट नको, जेट नको, मागे ज्वाळा नकोत. जेफ्रीज यांनी मग ग्राउंड क्रूच्या बाजूने विचार केला. एवढ्या ताकदीची इंजिनं जवळ असणं धोक्याचं, म्हणून ती लांब खांबांवर ठेवली. बिघडली तर सुटी करून बदलताही येतील. यानाचं अंग गुळगुळीत ठेवलं, कारण बाहेर काही बसवलं की दुरुस्तीसाठी माणसाला निर्वात पोकळीत पाठवावं लागणार. सगळी यंत्रणा आत, हाताशी. यंत्रांपर्यंत पोचायच्या अरुंद बोगद्यांना मालिकेत ‘जेफ्रीज ट्यूब’ असं त्यांचंच नाव मिळालं. भाऊंचा पान्याचा प्रश्न त्यांनी 1964 मध्येच सोडवून ठेवलेला होता.

यानावरचा एनसीसी-1701 हा क्रमांकही असाच. एन.सी. ही अक्षरं जुन्या अमेरिकी नागरी विमानांवर असत. जेफ्रीज यांनी त्यात एक सी. वाढवला. आकडे निवडताना 3, 6, 8 आणि 9 टाळले, कारण लांबून बघताना ते एकमेकांत मिसळतात. मी आजही कुठल्याही मॉडेलवर क्रमांक घालताना हा नियम पाळते. पडद्यावर यान झपकन निघून जातं, आणि तेवढ्यात त्याची ओळख पटायला हवी असते.

भोसरी सोडून मी थ्री-डीकडे वळले तेव्हा सॉफ्टवेअरच्या आधी एक धडा शिकवला गेला: कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच बनवा. पॉलिगॉनला वेळ लागतो, वेळेला पैसा लागतो. हा नियम स्टुडिओइतकाच जुना आहे. एंटरप्राइझचं चित्रीकरणासाठी केलेलं अकरा फुटांहून थोडं लांब मॉडेलसुद्धा तसंच होतं. लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा वापरून 1964 मध्ये ते घडवलं गेलं. पुढे आत दिवे बसवले तेव्हा वायरी डाव्या बाजूने आत नेल्या, त्यामुळे ती बाजू कधी पुरी सजवलीच नाही. चित्रीकरण नेहमी उजवीकडून. यान उलट दिशेने जाताना हवं असेल तर अक्षरं उलटी चिकटवायची आणि फिल्म उलटवायची. ज्या यानाची डावी बाजू चाहत्यांनी मनात खिडकी-खिडकीने भरून काढली होती, ती प्रत्यक्षात वायरींचा गुंता होती.

1974 मध्ये पॅरामाउंटने हे मॉडेल स्मिथसोनियनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमला दिलं. तिथे ते अनेकदा डागडुजीतून गेलं, आणि एका डागडुजीतल्या रंगकामावर चाहते नाराजही झाले. 2014 नंतर म्युझियमने ते नीट जतन करायला घेतलं तेव्हा प्रश्न आला की मूळ रूप कोणतं धरायचं. त्यांनी ऑगस्ट 1967 ही वेळ ठरवली, कारण चित्रीकरणासाठीचे शेवटचे बदल तेव्हाचे होते. पुराव्यासाठी म्युझियमने लोकांना आवाहन केलं: पूर्वी कुणी या मॉडेलचे फोटो काढले असतील तर द्या. 1972 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डन वेस्ट कॉलेजात ते प्रदर्शनात मांडलं होतं, आणि तिथे चाहत्यांनी हौसेने काढलेले फोटो होते. तज्ज्ञांनी रंगाचे थर तपासले, एक्स-रे काढले, आणि त्याच्या जोडीला हे घरगुती फोटो ठेवले. तबकडीच्या वरच्या भागावर मूळ रंग शिल्लक होता, त्याला हात लावला नाही. 2016 मध्ये यान म्युझियमच्या मुख्य दालनात उभं राहिलं. चाहत्यांच्या चिकित्सेला ‘अतिरेक’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते. एका राष्ट्रीय संग्रहालयाला अस्सल काय ते ठरवण्यासाठी त्याच चिकित्सेची गरज पडली.

माझ्या कामात या वृत्तीचा उपयोग कसा होतो, त्याचा एक अनुभव सांगते. एका परदेशी मालिकेसाठी जुनाट मालवाहू यान बनवायचं काम आमच्याकडे आलं. करारामुळे नाव सांगता येत नाही. कॉन्सेप्ट आर्ट देखणं होतं: गंजके पत्रे, वाकलेले पाइप, विटलेला पिवळा रंग. मी दार शोधलं. माणसांचं दार होतं, मालाचं नव्हतं. सगळे कंटेनर यानाच्या पोटात बंद, आणि ते बाहेर काढायला वाट नाही. मी सुपरवायझरला विचारलं, ‘‘माल कुठून उतरतो?’’ शॉटमध्ये ते दिसणार नव्हतं, तरी त्याने प्रश्न पुढे पाठवला. उत्तर लेखकांच्या टीमकडून आलं. त्यांना प्रश्न आवडला होता. पोटाखाली झडपेसारखी दोन मोठी दारं बसवायची ठरली, त्यांच्या बिजागऱ्या, हायड्रॉलिक सिलिंडर, आत उतरणारी क्रेन हे सगळं मी आनंदाने बनवलं. पुढच्या एका भागात त्याच दारांतून एक पात्र आत शिरतं असा प्रसंग लिहिला गेला. डिझाइनमधल्या एका प्रश्नातून कथेला वाट मिळाली. मला शिकवणाऱ्या दोन्ही शाळा, भोसरीची आणि चाहत्यांची, तिथे एकत्र उपयोगी पडल्या.

बारकावे भरतानाही हेच. पूर्वी यानांची मॉडेल्स बनवताना बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या, रेल्वेच्या किटमधले छोटे भाग वेचून चिकटवत. त्याला किटबॅशिंग म्हणतात. ब्रिटनमध्ये ‘थंडरबर्ड्स’ या मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज यांच्या टीमने हे तंत्र पुढे नेलं, आणि ‘स्पेस: 1999’ साठी ब्रायन जॉन्सन यांनी ‘ईगल’ हे यान आखलं. पुढे चालक-कक्ष, मागे इंजिनं, मध्ये नळ्यांचा उघडा सांगाडा आणि त्यात गरजेप्रमाणे बदलता येणारा डबा. ईगलचे चाहते आजही मूळ 44 इंची मॉडेलवरचा कुठला तुकडा कुठल्या किटमधून आला ते शोधतात, ती जुनी किट मिळवतात आणि तोच तुकडा त्याच जागी बसवून प्रतिकृती करतात. हे काम जवळून पाहिल्यावर मला कळलं की चांगल्या मॉडेलवर तपशील सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. जिथे यंत्र आहे तिथे ते दाट असतात, जिथे नुसता पत्रा आहे तिथे विरळ. डोळ्याला विसाव्याची जागा लागते आणि यंत्राला कारण लागतं.

नव्वदच्या दशकात चाहता आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत आणखी पातळ झाली. ‘बॅबिलॉन 5’ या मालिकेची पहिली फिल्म 1993 मध्ये आली. तिच्यातली यानं मॉडेलची नव्हती; रॉन थॉर्नटन आणि फाउंडेशन इमेजिंग यांनी ती अमिगा संगणकांवर, लाइटवेव्ह सॉफ्टवेअरमध्ये बनवली होती. माणूस घरी विकत घेऊ शकेल अशा साधनांवर टीव्ही मालिकेचं अवकाश उभं राहिलं. त्यातलं ‘स्टारफ्युरी’ हे लढाऊ यान मी प्रत्येक बॅचला शिकवते. चार दिशांना पसरलेले हात आणि त्यांच्या टोकांना थ्रस्टर. टोकाला बसवल्यामुळे मोमेंट आर्म वाढतो आणि थोड्या जोरात यान गर्रकन वळतं. निर्वातात हवेचा अडथळा नाही, म्हणून ते पुढे जात असतानाच मागे तोंड करून गोळी झाडू शकतं. शाळेतलं बलविज्ञान तिथे आकार घेऊन उभं राहतं.

‘द एक्स्पान्स’ने याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्या मालिकेतल्या यानांचे मजले उंच इमारतीसारखे इंजिनावर एकावर एक रचलेले आहेत. इंजिन यानाला वर ढकलतं, म्हणून ‘खाली’ म्हणजे इंजिनाची बाजू. इंजिन बंद पडलं की वजन नाहीसं. अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून त्याच इंजिनाने वेग मारायचा. मालिकेचे प्रमुख निर्माते नरेन शंकर हे उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेले, आणि पूर्वी ‘स्टार ट्रेक’च्या लेखनात व विज्ञान-सल्ल्यात होते. 2018 मध्ये सायफाय वाहिनीने मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढली, ॲमेझॉन स्टुडिओवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं, आणि ‘रोसिनान्ते’ या यानाची छोटी प्रतिकृती हवामान-फुग्याला बांधून वातावरणात खूप उंच पाठवली. बंदची घोषणा झाली त्याच महिन्यात ॲमेझॉनने मालिका पुढे चालवायचं जाहीर केलं. लोक पात्रांसाठी भांडतात हे ठाऊक होतं. यानाला पात्र मानून त्याला आकाशात नेणारे प्रेक्षक पाहिले आणि आमच्या कामाचं मोल मला नव्याने जाणवलं.

चाहत्यांमधूनच पुढचे डिझाइनर आले, हे तर या क्षेत्राचं वैभव आहे. मायकल ओकुडा हवाईत राहणारे ‘स्टार ट्रेक’चे चाहते; त्यांनी स्वतःहून आपलं काम पाठवलं, आणि पुढे यानांच्या नियंत्रण-पटलांची सगळी दृश्यभाषा त्यांच्या हातून घडली. डग ड्रेक्सलर सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ‘स्टार ट्रेक’च्या वस्तूंच्या दुकानात काम करत, त्यांनी रंगभूषेसाठी ऑस्कर मिळवलं आणि 2001 च्या ‘एंटरप्राइझ’ मालिकेतलं यान आखलं. ‘टायटन’ या यानाची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. ते आधी कादंबऱ्यांत आलं, दिसायला कसं ते ठरलेलं नव्हतं. प्रकाशकांनी वाचकांसाठी डिझाइन स्पर्धा ठेवली. शॉन टूरँजो यांचं डिझाइन निवडलं गेलं, आणि 2020 मध्ये ‘लोअर डेक्स’ या ॲनिमेशन मालिकेत तेच यान पडद्यावर अवतरलं. त्यानंतर 2023 मध्ये ‘पिकार्ड’च्या तिसऱ्या पर्वात नवं ‘टायटन’ आलं. त्याचं मूळ बिल क्राउझ यांनी हौसेने केलेल्या यानात आहे.

अर्थात यानाची मालकी कंपनीची असते. 2016 मध्ये सीबीएस आणि पॅरामाउंटने चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम काढले: एक भाग पंधरा मिनिटांचा, गोष्ट दोन भागांत संपवायची, आणि आणखी बऱ्याच अटी. निर्मितीला पैसा लागतो आणि हक्क जपावे लागतात, हे मी या धंद्यात राहून जाणते. तरी मला असं ठामपणे वाटतं की जे कंपनीच्या कपाटात टिकलं नाही ते कितीदा तरी चाहत्यांनी टिकवलं. ‘गॅलिलिओ’ या शटलचा पूर्ण आकाराचा सांगाडा उन्हापावसात कुजत गेला होता. चाहत्यांनी तो लिलावात घेतला, दुरुस्त केला आणि 2013 मध्ये ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरला दिला. न्यूयॉर्क राज्यातल्या टिकोंडेरोगा गावी मूळ आराखड्यांवरून उभा केलेला ब्रिजचा सेट आज लोक पाहायला जातात. या माणसांनी आधी रेघा आणि हातोडे हाती घेतले, परवानग्या आणि मानसन्मान पुष्कळ नंतर आले.

शिकवताना मी विद्यार्थ्यांना पहिले काही आठवडे बाहेरचा आकार काढूच देत नाही. आधी आतली माणसं: किती, किती काळासाठी, कशाला निघाली आहेत. मग स्वयंपाकघर, संडास, आजारी माणसाची खाट. मग उष्णता: पोकळीत ती वाऱ्याने जात नाही, किरणांनीच बाहेर टाकावी लागते, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला मोठमोठे रेडिएटर आहेत, तुझे कुठे आहेत? इचलकरंजीची एक मुलगी, घरचे यंत्रमाग पाहत वाढलेली, तिने आपल्या यानात दर दोन यंत्रांमध्ये चालायला वाट सोडली होती. ‘‘मॅडम, धागा तुटला की माणसाला मागून पोचता आलं पाहिजे,’’ ती म्हणाली. तिच्या यानात धागा कुठेच नव्हता, पण तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. भाऊंनी तिच्या ड्रॉइंगवर तिथल्या तिथे सही केली असती.

आमच्याकडे मात्र एक पोकळी आहे, आणि ती मला बोचते. मराठीत विज्ञानकथा भरपूर आहे. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या, लक्ष्मण लोंढे यांच्या, बाळ फोंडके यांच्या कथांवर आमच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण त्या कथांतल्या यानांचे, स्थानकांचे, प्रयोगशाळांचे आराखडे आम्हा वाचकांपैकी कुणी काढलेले मला आढळले नाहीत. एंटरप्राइझची निदान उजवी बाजू तरी कुणीतरी बनवून दिली होती. इथे सगळ्याच बाजू मोकळ्या आहेत, आणि हे दुःख मानण्यापेक्षा मी आमंत्रण मानते.

म्हणून या वर्षी बॅचला मी तेच काम दिलं आहे. आवडती मराठी विज्ञानकथा निवडायची, तिच्यातलं यान आतून बाहेर असं आखायचं, आणि लेखकाने जे लिहिलंय त्याला धक्का न लावता न लिहिलेलं भरून काढायचं. हे करायला माझा वर्ग हवा असं नाही. ज्या कुणाच्या वहीत असं एखादं यान पडून आहे त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: त्याला माप द्या, सेक्शन काढा, टायटल ब्लॉकमध्ये स्वतःचं नाव आणि तारीख लिहा, आणि फिटर, नर्स, आचारी, ड्रायव्हर अशा कुणाला तरी ते तपासायला द्या. ती माणसं जे प्रश्न विचारतील त्यांतूनच पुढचे मजले निघतील.